बाबा, कॅसेटी माझ्याकडे आहेत

ठाणे, रविवार

ती. बाबा आणि ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, कपाटाच्या खालच्या दोन खणांतल्या कॅसेटी मी संगणकात उतरवायला घेऊन आले. आईला ते माहीत होतं, तिच्यावर चिडू नका. तुम्हाला विचारलं असतं तर "पावसाळा जाऊ दे गो, मग बघू" एवढंच म्हणाला असतात. पण ह्या कामात पावसाळा जाऊ देणं परवडणारं नाही. तुमच्या एकाही कॅसेटीवर दुसरं काही टेप होणार नाही आणि एकही फेकली जाणार नाही. काम झालं की सगळ्या त्याच क्रमाने खणात परत येतील, मी खणाचा फोटो काढून ठेवलाय. कॅसेटीच्या मागच्या कडेला प्लॅस्टिकचे दोन दात असतात, ते बहुतेकींचे तुम्ही तेव्हाच मोडले होते. ज्यांचे राहिले होते ते मी मोडले. आता चुकून कुणी रेकॉर्डचं बटण दाबलं तरी काही पुसलं जायचं नाही.

घाई का केली ते सांगते. टेप म्हणजे प्लॅस्टिकची पातळ पट्टी आणि तिच्यावर चिकटवलेली लोहाच्या ऑक्साइडची पूड. पूड धरून ठेवणारा जो चिकट थर असतो तो ओल पितो. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की त्याच्यावर बुरशी धरते, आणि आपल्या वेंगुर्ल्यात जून ते सप्टेंबर ती त्याच्या खाली क्वचितच येते. कॅसेटीच्या खिडकीतून उजेडात तिरकं पाहिलं तर गुंडाळीच्या कडेवर पांढरे तंतू दिसतात, ती बुरशी. तुमच्या खालच्या खणातल्या काहींना ती लागलेली आहे. गाणं अजून शाबूत आहे, काळजी करू नका, पण अशी कॅसेट तशीच वाजवली की बुरशी कॅसेट-डेकच्या हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, बसते आणि त्यानंतर लावलेल्या प्रत्येक कॅसेटीत जाते. म्हणून मी परत देईपर्यंत वरच्या खणातली एकही कॅसेट डेकमध्ये घालू नका. एकही नाही, बाबा. शनिवारच्या भजनालाही नाही.

तुमच्या डेकबद्दल वाईट बोलत नाही. तो कपाटावर आहे तिथेच राहील. पण त्याचा टेप ओढणारा रबराचा पिंच रोलर कडक झालाय आणि आतला पट्टा सैल पडलाय. पट्टा सैल पडला की सूर उतरतो, रोलर कडक झाला की टेप सरळ न जाता त्याच्याभोवती गुंडाळते आणि चुरगळते. इस्त्री करून ती चुरगळ जात नाही. पट्टा आणि रोलर दोन्ही अजून मिळतात, दिवाळीला आले की बदलून देईन. तोवर त्याला विश्रांती.

सगळ्याच कॅसेटी फायलींत उतरवायच्या नाहीत, हे तुम्हाला आवडणार नाही म्हणून समजावून सांगते. सगळ्यात आधी तुम्ही स्वतः टेप केलेलं: देवळातले दशावतारी दहीकाले, डबलबारीच्या सामन्यांची भजनं, आजीच्या फुगडीच्या गाण्यांच्या दोन बाजू. ह्यांची जगात दुसरी प्रत नाही. मग रेडिओवरून टेप केलेलं. आकाशवाणीच्या संग्रहात त्यातलं काही असेल, पण ते आपल्या हाताला लागणार नाही, म्हणून तेही घ्यायचं. दुकानातून विकत आणलेल्या कॅसेटी सगळ्यात शेवटी, आणि त्यातल्या बऱ्याच नाहीतच. ती गाणी कंपन्यांनी मूळ ध्वनिमुद्रणावरून पुन्हा काढलेली आहेत. वर्षानुवर्षं घासलेल्या टेपवरून ती उतरवण्यात वेळही जातो आणि आवाजही कमी प्रतीचा मिळतो. सावंतवाडीच्या त्या एका कॅसेटीला हा नियम नाही. ती मी पहिल्याच दिवशी बाजूला ठेवली, आई, तू सांगायच्या आधीच.

आता काम कसं करते ते सगळं लिहिते, म्हणजे "तिकडे काय चाललंय कोण जाणे" असं मनात राहणार नाही.

कॅसेटी आधी हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवते. रंग बदलणारं जेल घेतलंय, ओल प्यायलं की नारिंगीचं हिरवं होतं, मग ते तापवून पुन्हा वापरायचं. उन्हात वाळवायचं अजिबात नाही, उन्हाने कवच वाकतं. वाळली की बुरशी झटकण्याआधी तोंडाला मास्क, कारण ती फुप्फुसाला वाईट. (म्हणूनच तुम्ही घरी हा उद्योग करू नका. आईचा दमा विसरू नका.) मग कॅसेट हाताने हलकी आपटून एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळते. वर्षानुवर्षं उभी ठेवलेली टेप आतल्या आत चिकटलेली असते, गुंडाळल्याने ती मोकळी होते आणि ताण सगळीकडे सारखा येतो. टेपला मागून दाबणारी फेल्टची चिमुकली गादी पुष्कळदा गोंद सुकून पडलेली असते. ती नसली की आवाज मध्येच येतो-जातो आणि आपल्याला वाटतं रेकॉर्डिंगच खराब आहे. पाच स्क्रूंचं कवच असेल तर उघडून गादी बदलता येते. चिकटवलेलं कवच असेल तर ते कापून टेप नव्या कवचात घालावी लागते. तुटलेली टेप जोडायला कॅसेटीच्या रुंदीची खास जोडपट्टी मिळते. साधी सेलोटेप कधीच लावायची नाही, तिचा गोंद उन्हाळ्यात बाहेर येऊन शेजारचे वेढे चिकटवतो. ८९ सालच्या काल्यात तुम्ही एका ठिकाणी सेलोटेप लावली होती तिथे मी नवी पट्टी घातली. एक क्षणही गेलेला नाही.

प्रत्येक कॅसेटीआधी हेड आणि रोलरच्या वाटेतले धातूचे भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसते. रबराला ते फार लावायचं नाही, रबर कोरडं पडतं. मग सगळ्यात महत्त्वाचं काम, जे दुकानदार करत नाहीत: हेडचा कोन. हेडमधली बारीक फट टेपशी काटकोनात असावी लागते. पण प्रत्येक रेकॉर्डरचा कोन केसभर वेगळा असतो, त्यामुळे एकावर टेप केलेलं दुसऱ्यावर वाजवलं की वरचे स्वर मरतात. झांज बोथट होते, गायकाचा 'स' फोफसा लागतो. हेडजवळ स्प्रिंगचा एक छोटा स्क्रू असतो, तो अगदी किंचित फिरवत झांज सगळ्यात धारदार वाजेल तिथे थांबायचं आणि मगच टेप उतरवायला घ्यायची. तुमचे काले त्या लाल रेकॉर्डरवर झालेत आणि रेडिओचं तुमच्या डेकवर, म्हणून दोन्हींना कोन वेगळा लागतो. एकच कोन ठेवून सगळं उरकलं असतं तर अर्धा खण उगाच पुसट निघाला असता.

दादाने दाखवलेलं ते कॅसेटी उतरवायचं यूएसबीचं स्वस्त यंत्र मी घेतलं नाही, त्याला तसं सांगा पण नीट सांगा, त्याने प्रेमाने शोधलं होतं. त्याचं आतलं चाक हलकं असतं म्हणून बाजाच्या पेटीचा लांब सूर थरथरतो. हेडचा कोन नीट बदलता येत नाही, आणि आवाज संगणकात नेणारा भाग आपलीच सरसर घालतो. मी वापरते ते असं: चांगला दुरुस्त केलेला डेक, त्याच्या हेडफोनच्या नव्हे तर लाइन आउटच्या भोकातून तार, मध्ये आवाज संगणकात नेणारा वेगळा साउंड इंटरफेस आणि संगणकावर ऑडॅसिटी हा ध्वनिमुद्रणाचा प्रोग्रॅम. ऑडॅसिटी फुकट आहे आणि ह्या कामाला पुरेसं आहे. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ह्या दर्जाला भरते. सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील इतपतच पातळी ठेवते, कारण काल्यातल्या संकासुराच्या आरोळीला पातळी वर धडकली तर तो फाटलेला आवाज नंतर कशानेही सांधता येत नाही. थोडं हळू राहिलं तर नंतर वाढवता येतं. ९० मिनिटांच्या कॅसेटीची अशी फाईल दीड जीबीच्या आसपास होते. फ्लॅक प्रकारात ठेवली की ती बरीच आटते आणि त्यात काहीही गळत नाही. ९० मिनिटांच्या टेपला ९० मिनिटंच लागतात, ह्यात जलद असं काही नाही, म्हणून धीर धरा.

काल्याच्या शेवटी शेवटी सगळ्यांचे आवाज चिरके होत जातात ते तुम्हाला आठवत असेल. ती टेपची चूक नाही. रात्र सरत आली की रेकॉर्डरचे सेल उतरायचे, टेप हळू फिरायची. हळू फिरून भरलेलं नेहमीच्या वेगाने वाजवलं की सूर चढतो. रात्रभर पायपेटी तीच होती, म्हणून सुरुवातीच्या भागातला तिचा षड्ज धरून शेवटचा भाग हळूहळू खाली आणता येतो. धर्मराजाचं शेवटचं बोलणं आता त्याच्याच आवाजात ऐकू येतं. हे ऐकाल तेव्हा मला फोन करा, रात्री बारा वाजले असले तरी.

सरसर काढून टाक असं म्हणाल, तर ते मी करणार नाही. सरसर पुसणारी सोय टेपच्या सरसरीबरोबर तंबोऱ्याची झणकार, श्वास आणि देवळातला घुमाराही पुसते, उरतो तो पाण्याखालून आल्यासारखा आवाज. मूळ फाईल जशीच्या तशी राहील. ऐकायच्या प्रतीतून फक्त विजेचा ५० हर्ट्झचा घूं आणि त्याची १००, १५० ची पोरं काढते, एवढंच.

तुमच्या अक्षरातली कार्डं मी एकेक करून स्कॅन केली. तारीख, गाव, दशावतारी कंपनी, पखवाजावर कोण, सगळं तुम्ही लिहून ठेवलंय. ही माहिती नसती तर नुसता आवाज राहिला असता. लहानपणी ती कार्डं दुमडायला तुम्ही मला द्यायचात आणि मी घडी वाकडी घातली तरी काही बोलायचा नाहीत.

आता तुमचा खरा प्रश्न. एवढा खटाटोप कशाला, महिन्याचे पैसे भरले की मोबाइलवर सगळं मिळतं, असं दादाही म्हणतो. मिळतं, बाबा, पण ते भाड्याचं आहे. रेसो नावाचं गाण्यांचं ॲप जानेवारी २०२४ मध्ये भारतात बंद झालं, विंक म्युझिकही त्याच वर्षी. लोकांनी वर्षं घालवून लावलेल्या याद्या त्याबरोबर गेल्या. ॲपच्या आत डाउनलोड केलेली गाणीही कुलपात असतात. स्पॉटिफायवर पैसे भरणाऱ्यालासुद्धा ३० दिवसांतून एकदा तरी नेट लावावं लागतं, नाहीतर उतरवलेली गाणी वाजत नाहीत. आणि नाट्यसंगीताचं तर पुष्कळदा असं होतं की पद तेच असतं, गायलेलं मात्र दुसऱ्याच कुणी वीस वर्षांनी. तुम्हाला पहिल्या तानेला कळतं, यंत्राला नाही. आईला नवीन काही शोधून ऐकायला ॲप चांगलंच आहे, तिचं मी बंद केलेलं नाही. पण घरचं म्हणून जे आहे ते नेटवर, पासवर्डवर, कुणाच्या परवानगीवर टांगलेलं नको.

डिजिटल कोरडं वाटतं असं तुम्ही म्हणता. तुम्ही ते मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरवर ऐकलंय, त्यात खर्ज निघतच नाही. तीच फाईल तुमच्या लाकडी स्पीकरांतून ऐका आणि मग बोला. कॅसेटीवर जे काही होतं ते सगळं मूळ फायलीत आलेलं आहे, तिच्यात जागा त्याहून जास्त आहे.

तर पार्सलने गाणी वाजवणारी एक पेटी येईल. बटणांची घेतली आहे, स्पर्शाच्या पडद्याची नाही, म्हणजे पेज खाऊन ओल्या हाताने लावली तरी चालेल. तिला एफएम आहे, कार्डाची जागा आहे, आणि बंद केली तिथूनच पुन्हा सुरू होते. मी मुद्दाम ती आठवण असलेली शोधली, कारण दहीकाला रात्रभराचा असतो आणि तुम्हाला नऊला झोप येते. आत ३२ जीबीचं कार्ड आहे. ऐकायच्या प्रती १९२ केबीपीएसच्या एमपी३ आहेत, ९० मिनिटांच्या कॅसेटीला साधारण १३० एमबी, म्हणजे दोनशेच्या वर कॅसेटी मावतात. पेटीचा पडदा मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दाखवतो, म्हणून फोल्डरांना नुसते आकडे दिलेत. कोणत्या आकड्यात काय, तो मोठ्या मराठी अक्षरांतला कागद पार्सलातच आहे. आई, तो प्लॅस्टिकमध्ये घालून देवघराच्या बाहेरच्या भिंतीवर लाव, चष्म्याशिवाय वाचता येईल. गणपतीच्या आरत्या १ मध्ये आहेत, तुमच्याच क्रमाने, आणि भजनं वेगवेगळी तोडली आहेत म्हणजे पुढचं बटण दाबलं की पुढचं भजन लागतं. आख्यानं मात्र सलग ठेवलीत.

कार्ड काढून संगणकात घालू नका, आणि दादाला त्यात काही भरू देऊ नका. अशा पुष्कळ पेट्या फायली नावाच्या क्रमाने वाजवत नाहीत, ज्या क्रमाने कार्डावर भरल्या त्या क्रमाने वाजवतात. मधेच एक भरली की सगळा क्रम मोडतो. काही हवं असेल तर मला सांगा, मी नवं कार्ड पाठवीन. कार्ड बिघडलं तरी घाबरायचं नाही. कार्ड ही शेवटची प्रत कधीच नसते. मूळ फायली माझ्याकडच्या हार्ड डिस्कवर आहेत, दुसरी डिस्क पुण्याला ताईकडे आणि तिसरी प्रत क्लाउडवर. ताईला मुद्दाम दिली, कारण दोन प्रती एकाच घरात ठेवल्या तर चोरी किंवा आग दोन्हींना एकदमच गाठते.

पेटीला स्पीकरांशी जोडणारी तार दिली आहे, एका टोकाला एक कांडी आणि दुसऱ्याला लाल-पांढरी. लाल उजव्या स्पीकरला. ब्लूटूथ वापरू नका, शेजारच्या पोराचा मोबाइल जोडला जातो आणि मग भलतंच काही वाजतं. बॅटरी पूर्ण भरली की चार्जर काढा, रात्रभर लावून ठेवू नका. मिरगात आभाळ गडगडायला लागलं की पेटी, राउटर आणि टीव्ही ह्यांच्या पिना भिंतीतून उपटा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. डिशची तारही टीव्हीतून काढा, वीज तिच्यातूनही येते. पेटी खिडकीशी ठेवू नका, खाऱ्या वाऱ्याने चार्जिंगचं भोक गंजतं. ओली झालीच तर तांदळात पुरू नका, तांदळाचा भुसा आत जातो. पुसून पंख्याखाली ठेवा.

आवाज वाढवूनही शब्द कळत नाहीत असं होतं ना, बाबा? वय झालं की वरचे स्वर आधी कमी होतात, म्हणून 'स', 'त', 'फ' सारखेच वाटतात. आवाज वाढवून खर्जच वाढतो. पेटीचं ट्रेबल मी थोडं वर करून पाठवतेय. पण कानाची तपासणी करायचीच आहे, शुद्ध स्वरांची ती, आलेख काढून देतात. सावंतवाडीची वेळ मी घेतली आहे, दादा गाडी घेऊन येईल. कानाचं मशीन लागलंच तर लागू दे, चष्मा लागला तेव्हाही तुम्ही महिनाभर खिशात ठेवला होतात. साखरेची गोळी त्या दिवशी चुकवू नका, बरोबर लाडू घ्या.

आई, पेटीला नेट नाही, तिच्यातून कुणी घरात शिरू शकत नाही. तुझ्या मोबाइलमधून शिरू शकतं. व्हिडिओ कॉलवर पोलिसाच्या वेशात कुणी म्हणालं की तुमच्या नावाने पार्सल सापडलंय, तुम्हाला अटक केली आहे, तर फोन ठेव. व्हिडिओवर अटक असा कायदाच नाही. पैसे यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, पिन विचारला म्हणजे पैसे जाणार आहेत. लग्नाची पत्रिका म्हणून नावाच्या शेवटी एपीके असलेली फाईल आली तर उघडू नकोस, ओळखीच्या नंबरावरून आली तरी. त्यांचाच फोन आधी चोरांच्या ताब्यात गेलेला असतो. स्टार ४०१ ने सुरू होणारा नंबर कुणी लावायला सांगितलं तर लावू नकोस, त्याने तुझे कॉल दुसरीकडे वळू शकतात. काही झालंच तर आधी सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर १९३०, मग मला. रडत बसायचं नाही, लाज वाटून लपवायचं तर मुळीच नाही. लवकर कळवलं तर पैसे वाटेत अडवता येतात. आणि तुझ्या सुप्रभातच्या चित्रांनी फोन भरतो, तर व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज आणि डेटा, तिथे आपोआप डाउनलोड होणारं सगळं बंद कर. चित्रं बघायची असतील ती बोटाने उघडून बघ, कुणी रागावणार नाही.

वरचा खण उरला आहे. दादा अठरा तारखेला येईल त्याच्याबरोबर द्या. आधी प्रत्येक कॅसेट पूर्ण एका बाजूला गुंडाळलेली आहे का बघा, अर्धवट असेल तर पेन्सिल घालून हाताने गुंडाळा, डेकमध्ये नाही. कार्ड ज्याचं त्याच डबीत. डब्या उभ्या, पुस्तकांसारख्या, मध्ये वर्तमानपत्राचा बोळा. खोकं जाड पुठ्ठ्याचं, आंब्याची पेटी नको, तिला वास आणि ओल दोन्ही असतं. गाडीत स्पीकरवर ठेवू नका, त्यात चुंबक असतो. खोक्यावर वरची बाजू कोणती ते लिहा, आणि बाबा, ते तुमच्याच अक्षरात लिहा.

तुमची,
बाय